पांच दिवसांचें अंदमान

पुण्यामुंबईकडील एखादा गृहस्थ पांच दिवसांची रजा काढून सहकुटुंब अंदमानास जावयाचें ठरवितो, तेव्हां प्रथम तो नकाशा पसरतो आणि तेथेंच फसतो. २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखलें जाणारें श्री विजयपुरम्, तेथून वीतभर अंतरावर स्वराज द्वीप म्हणजे जुनें हॅवलॉक, आणि त्याच्या शेजारींच शहीद द्वीप म्हणजे जुनें नील. एका दिवशीं एक बेट, दुसऱ्या दिवशीं दुसरें, असा हिशोब जमतो. आणि सेल्युलर कारागृह काय, गांवांतच आहे, म्हणून तें शेवटच्या दिवशीं ढकललें जातें.

हा बेत कागदावर सुंदर दिसतो. समुद्राला मात्र तो कोणी दाखविलेला नसतो. श्री विजयपुरम्‌हून स्वराज द्वीपास जलद नौका सुमारें दीड तासांत पोंचते व सरकारी नौकेस अडीच तास लागतात, हें खरें. पण धक्क्यावरील तपासणी, सामानाची चढउतार आणि वाट पाहणें धरलें म्हणजे अर्धा दिवस खर्चीं पडतो. वारा माजला तर नौका सुटतच नाहींत. नैर्ऋत्येचा पाऊस येथें मुंबईच्या आधीं, मे महिन्याच्या उत्तरार्धांतच, येऊन ठेपतो. तो सरतो न सरतो तोंच ईशान्येकडील वारे नोव्हेंबर-डिसेंबरांतहि सरी आणतात. जानेवारी ते एप्रिल हे महिने त्यांतल्या त्यांत भरंवशाचे.

घड्याळहि फसवितें. हीं बेटें मुंबईच्या पूर्वेस जवळजवळ २० अंश, पण घड्याळ मात्र तेंच. डिसेंबरांत पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. चहा आटोपून सावकाश सहाला राधानगरच्या पुळणीवर सूर्यास्त पाहावयास जाणाऱ्यास काळोख तेवढा भेटतो.

आणि या साऱ्या ओढाताणींत बळी जातो तो बहुधा घरांतील वृद्धांचा हट्ट. हट्ट कसला, ते बोलतहि नाहींत. आजोबांनीं 'माझी जन्मठेप' शाळकरी वयांत वाचलेली असते. १९११ पासून १९२१ पर्यंत सावरकर जेथें होते ती कोठडी त्यांस पाहावयाची असते. पण 'आधीं मुलांचा समुद्र होऊं द्या' म्हणून ते गप्प बसतात. शेवटच्या दिवशीं नौका दोन तास उशिरा लागते, विमान कोणासाठीं थांबत नाहीं, आणि आजोबा कारागृहाची भिंत मोटारीच्या खिडकींतून पाहून परततात.

म्हणून पहिल्याच दिवशीं दुपारीं, विमानांतून उतरून जेवण होतांच, तेथें जावें. सात चाळींपैकीं आज तीनच उभ्या आहेत, तरी त्या घाईनें पाहावयाच्या नव्हेत. ती कोठडी वरच्या मजल्यावर असून जिने चढावयास म्हाताऱ्या गुडघ्यांना वेळ लागतो. पुढचे दोन दिवस स्वराज द्वीपावर मुलांचे. चौथ्या दिवशीं दुपारपर्यंत परत येऊन रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरम् येथेंच करावा. नौका चुकलीच तर सांवरावयास तेवढी एक रात्र हातीं राहते. श्वसनयंत्र लावून बुडी मारावयाची असेल तर तीहि तिसऱ्या दिवसापर्यंत उरकावी, कारण अशा बुडीनंतर १८ ते २४ तास विमानांत बसणें धोक्याचें असतें.

यांत शहीद द्वीप गळतें. मुलें कुरकुरतील, त्यांना पुन्हां यावयास पुष्कळ वर्षें आहेत.