गरोदरपणातील साखर तपासणी : दोन तास आईसाठी



परिचारिका म्हणून काम करताना पाहिलेला एक प्रसंग आज आम्ही आपल्यासमोर ठेवणार आहोत. सहाव्या महिन्यातील एक भगिनी तपासणीला आली. ग्लुकोजचे पाणी प्यायली. दोन तास थांबायचे होते. सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कुणालाच साखर नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी तर बुडालीच, आता चल." ती गेली. पुढे बाळ चार किलोच्या वर भरले. बाळंतपणात खांदा अडकला. जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरली. दोघेही वाचले, पण जे आधी कळायला हवे होते ते संकटात कळले.

बंधू-भगिनींनो, दोष सासूबाईंचा नाही. त्यांना कुणी समजावून सांगितलेच नव्हते. गरोदरपणात वारेतून निघणारे संप्रेरक इन्सुलिनचे काम रोखतात. बहुतेकींचे शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ती उणीव भरून काढते. जिला ते जमत नाही, तिची साखर वाढते. घराण्यात साखर नसली तरी हे होऊ शकते. बहुधा कसलाही त्रास जाणवत नाही, म्हणून तपासणीशिवाय ते कळत नाही.

तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आली, तर गरोदरपणातील मधुमेह समजावा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही. लांबून येणाऱ्या आपल्या बायकांचा विचार करून चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पुढे आणली. केंद्र सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ती स्वीकारली. काही रुग्णालयांत उपाशीपोटी बोलावून तीन वेळा रक्त घेतात. तिथले आकडे वेगळे असतात, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये.

तपासणी दोनदा करावी लागते. पहिली नाव नोंदवताना, दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. "पहिली चांगली आली, आता कशाला?" असे म्हणू नका. साखर वाढण्याचा खरा काळ नंतरचाच असतो.

साखर निघाली तर घाबरू नये. आधी दोन आठवडे आहाराचे पथ्य आणि चालणे. पथ्य म्हणजे उपास नव्हे. पोटात बाळ आहे, थोडे थोडे पण वेळेवर खायचे. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत आली नाही, तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन देतात. इन्सुलिन घेतले म्हणजे ते जन्मभराचे झाले असे नाही. बहुतेकींचे बाळंतपणानंतर थांबते. मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच, कारण अशा मातांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाऊन वहिनीचे, ताईचे माता व बाल संरक्षण कार्ड उघडा. साखरेची नोंद दोनदा आहे का, पाहा. नसेल तर आशाताईंना भेटा. आणि बंधूंनो, त्या दिवशी तुम्ही सोबत जा. आईला घाई करू नका. सुनेजवळ दोन तास बसणे हे सासूचे आणि नवऱ्याचेही काम आहे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.