आई परदेशी, मूल थाई

भगिनींनो, येथे बँकॉकमध्ये एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: थाई पती निवर्तला किंवा घटस्फोट झाला, तर मुलाला घेऊन राहायचे कसे? विवाहाच्या आधारावरचा मुक्काम तेव्हा संपतो, हे खरे. परंतु लेकराचा आधार निराळा आहे. 'नॉन-इमिग्रंट ओ' व्हिसावर, थाई मुलाची आई अथवा वडील म्हणून, वर्षावर्षाची मुदतवाढ मागता येते. मूल अविवाहित, २० वर्षांच्या आतले व आपल्याजवळ राहणारे हवे. बँकेत ४ लाख बात अर्जापूर्वी दोन महिने असावेत, किंवा दरमहा ४०,००० बात उत्पन्न असावे. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो.

आईचे नाते जन्मदाखल्याने सिद्ध होते. लग्नावाचून बाप झालेल्याला मात्र जिल्हा कचेरीत पितृत्वाची नोंद करावी लागते. माय-लेकरांची संमती मिळत नसेल, तर न्यायालय गाठावे लागते.

म्हणून सांगते, दुःखाच्या दिवसांत धावाधाव नको. जन्मदाखला, घराची नोंदवही, बँकेचे पुस्तक आजच एका पेटीत ठेवा. आणि मूल विशीत येण्यापूर्वीच पुढची तजवीज करा.