पडवीतली शिवणयंत्रे आणि पुराचा गाळ
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘पुरानंतरची आवराआवर’ हा विषय दिला आहे. स्वयंपाकघर कसे आवरावे हे तुम्हांला मी काय सांगावे? मी बोलणार आहे पडवीतल्या शिवणकामाविषयी, कारण आपल्यापैकी कितीतरी जणींची मिळकत त्या चार हात जागेतून येते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझ्या पडवीत तीन यंत्रे होती. पाणी ओसरल्यावर तिन्ही गाळाने भरलेली निघाली. एका परिचितांनी ती भंगारात द्यावयास सांगितले आणि वर भावही काढून दिला! त्यांतली दोन आज चालू आहेत.

झाडू हाती घेण्याआधी सर्व वस्तूंचे फोटो काढावेत, पंचनाम्याला लागतात. पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे हवेतच. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अंगावर जखम असेल तिने गाळात उतरू नये. पुढे ताप आलाच तर पुरात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आणि ब्लीचिंग पावडरीत फरशीचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.

गाळ ओला आहे तोवरच धुवावा. वाळला की फटींतून दगडासारखा बसतो. यंत्राची सुई, पट्टी, बॉबिन केस काढून स्वच्छ पाण्याने धुतले, फडक्याने कोरडे केले, मग जुन्या दातघाशीने रॉकेल लावून सांधे मोकळे केले. (हे काम चुलीपासून दूर, उघड्यावर करावे.) चाक हाताने हळूहळू फिरवीत राहावे. शेवटी प्रत्येक छिद्रात शिवणयंत्राचेच तेल. घाईत खोबरेल घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; ते थंडीत थिजते, आणि मग यंत्राच्या नावाने बोटे मोडायची!

तिसरे यंत्र विजेचे. शेजारचा मुलगा “काकू, लावून तर बघू” म्हणत होता, पण मी त्याला बटणाला हात लावू दिला नाही. भिजलेल्या मोटारीला वीज देणे जिवावरचे काम. मिस्त्रींनी ती उघडून पाहिली. आतली तार गेलेली होती.

लाकडी मेज उन्हात टाकू नये, वाकते व तडकते; सावलीत वारा लागेल असे ठेवावे.

सर्वांत नाजूक बाब गिऱ्हाइकांच्या कापडाची. आपले नुकसान सोसता येते, दुसरीचे कापड मात्र विश्वासाने आलेले असते. मी ते त्याच दिवशी धुतले, रंग जाणारे निराळे काढले. मापांची वही पेन्सिलीने लिहिलेली, म्हणून अक्षरे टिकली; तीवरून एकेकीच्या घरी जाऊन कापड दाखविले. बहुतेकींनी काही मागितले नाही. दोघींना पैसे भरून दिले. एकीने त्याच डागाळलेल्या कापडाचा परकर शिवून मागितला, आणि नीट झालेल्या यंत्रावर मी पहिला तोच शिवला.