तिचं म्हणणं कोण लिहितं?



आज एका कथेविषयी बोलायचं आहे. पण आधी माझी एक चूक सांगते. आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईंची हकीकत लिहून घेताना मी कागदावर ‘बाई असंबद्ध बोलतात’ असा शेरा मारला होता. पुढे शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा पुन्हा वाचली, आणि तो शेरा मला टोचू लागला.

कथा १८९२ सालची. बाळंतपणानंतर खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा, जॉन, हवापालटासाठी भाड्याच्या मोठ्या घरात आणतो. काम बंद, लिहिणं बंद. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती भिंतीवरचा पिवळा कागद बघत राहते. हळूहळू तिला नक्षीआड अडकलेली बाई दिसू लागते. शेवटी तिला सोडवायला ती कागद फाडून काढते आणि खोलीत रांगू लागते.

आता ही गोष्ट सांगितली कशी आहे ते पाहा. सगळी कथा तिनं चोरून केलेल्या नोंदींची आहे. जॉन आला की नोंद तुटते. वाक्यं तुटक, परिच्छेद एकेका वाक्याचे. सुरुवातीला आधी जॉनचं मत येतं, मग तिचा बिचकता ‘पण’. पुढे तो ‘पण’ गळतो. मन ढासळत जातं, आवाज मात्र ठाम होत जातो.

शिवाय ती सांगते त्याहून जास्त आपल्याला कळतं. खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, जमिनीला ठोकलेला पलंग. तिला वाटतं, पूर्वी ही मुलांची खोली असावी. आपल्याला कोठडी दिसते. लेखिका मध्ये येऊन काही समजावत नाही.

आणि जॉन? तो मारत नाही, काळजीच घेतो. लहान मुलीला घालाव्यात तशा लाडाच्या हाका घालतो, आणि ती बोलू लागली की विषय मिटवतो. तो खलनायक असता तर आपल्याला सोपं गेलं असतं. बाळाला सांभाळणारी मेरी मात्र ओझरती येऊन जाते. जिच्या कष्टांवर ही विश्रांती उभी आहे तिची वही कुणी लिहीत नाही, हेही आपण नोंदवायला हवं.

गिलमननं हे स्वतः भोगलं होतं. १८८७ मध्ये डॉ. वीअर मिचेल यांनी तिच्यावर विश्रांतीचा उपचार केला आणि पुन्हा लेखणीला हात लावू नको असं बजावून घरी पाठवलं. ही कथा का लिहिली, ते तिनं १९१३ मध्ये सांगितलं. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेमिनिस्ट प्रेसनं कथा पुन्हा छापली, आणि स्त्री-चळवळीत ती नव्यानं वाचली जाऊ लागली.

शेवटी जॉन भोवळ येऊन पडतो आणि ती त्याला ओलांडून रांगत राहते. काहीजणी याला विजय म्हणतात. मला तसं वाटत नाही. ती अजून त्याच खोलीत आहे. पण तिची हकीकत तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचली, हे मोठं आहे.

बोलणं तुटक आहे म्हणून ते खोटं नसतं. आता मी शेरा मारत नाही. बाईंचं बोलणं त्यांच्याच क्रमानं लिहून घेते आणि त्यांना वाचून दाखवते. कागदावर आधी जॉनचं मत येणार की तिचं, एवढं तरी आपल्या हातात आहे.