आधी काडतुसाचं बूड

कवीनं बंदुकीवर बोलावं याचं नवल वाटेल. मी आयुष्यात साधं पाखरू मारलेलं नाही. पण माझे मामू पोलिसांच्या शस्त्रागारात होते, आणि त्यांचं एक सांगणं लहानपणापासून डोक्यात बसलंय : "बेटा, रायफल नंतर. आधी काडतुसाचं बूड बघ."

त्यांच्याकडे थ्री नॉट थ्री असायची. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की बोल्ट कितीही रेटा, काडतूस अडतं. म्हणून भरताना वरच्याची कड पुढे हवी, हे मामू नव्या शिपायांना बजावत. मला तेव्हा त्यात गंमत वाटायची, इतकंच.

पुढे जिम कॉर्बेट वाचला आणि मामूंच्या बोलण्याचा अर्थ कळला. काडतूस नळीत घेणं, मागून घट्ट बंद करणं आणि रिकामं कवच बाहेर काढणं, या साऱ्या यंत्रणेला अ‍ॅक्शन म्हणतात. कॉर्बेटकडे दोन तऱ्हा होत्या. एक ४५०/४०० जातीची जड दुनळी. तिचं काडतूस कडेचं. दुनळी मधोमध मोडायची, काडतुसं हातानं नळ्यांत सोडायची; कड नळीच्या तोंडाशी टेकते आणि रिकामं कवच त्याच कडेला धरून वर येतं. इथं कड अडचण नव्हे, सोय आहे. शिवाय दुसरी गोळी तयारच, नुसता दुसरा घोडा ओढायचा.

दुसरी रिग्बी कंपनीची .२७५. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये ती त्यांना भेट मिळाली. ही बोल्टची, माउझर अ‍ॅक्शनची. तिचं काडतूस म्हणजे जर्मनांचं सात मिलिमीटरचं, ५७ मिलिमीटर लांब कवचाचं. त्याच्या बुडाला बाहेर कड नाही, भोवती खाच आहे. मॅगझिनमधून वर येतानाच माउझरचा रुंद आकडा त्या खाचेत बसतो आणि कवच बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. हेच काडतूस मोडत्या बंदुकीत वापरायचं म्हटल्यावर कारागिरांनी त्याची कडेवाली जात वेगळी काढली. आणखी लांब काडतूस हवं, तर बोल्ट आणि मॅगझिनही लांब लागतात; १९११ मध्ये आलेल्या रिग्बीच्या .४१६ ला मोठी माउझर अ‍ॅक्शनच घ्यावी लागली.

शिकारीची भलावण करायला मी बसलेलो नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती, यांनी आपल्याकडे तो शौक संपवला, ते बरंच झालं. पण ज्याच्या गावात माणसं मरत होती, त्याच्यासाठी ही निवड शौकाची नव्हती.

११ एप्रिल १९३०. कुमाऊँमधली चौगढची वाघीण. सरकारी हिशेबानं ६४ बळी. कॉर्बेट ओढ्यातून चाललेले. वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली, ती डाव्या हातात. उजव्या हातात .२७५. एका मोठ्या खडकाला वळसा घालून मागे पाहिलं, तर काही फुटांवर वाघीण, समोरासमोर! त्यांनी एकाच हातानं नळी हळूहळू फिरवत नेली आणि गोळी झाडली.

मी हा प्रसंग वाचताना नेहमी थबकतो. जड दुनळी असती, तर एका हातानं इतक्या सावकाश वळली असती का? मला नाही वाटत. पण बोल्टवाल्या रायफलीत दुसरी गोळी घ्यायची तर दुसरा हात हवा, आणि त्यात तर अंडी! म्हणजे हलकेपणानं जी संधी दिली, ती एकाच गोळीची होती. पुस्तकी हिशेब करणारा वाघासमोर दुनळीच सुचवेल, आणि तो चूकही नसेल.

ती एक गोळी लागली. कॉर्बेटनी अंडी परत नेऊन जागच्या जागी ठेवली. अर्ध्या तासानं ते तिथून गेले, तेव्हा रातवी त्यांच्यावर बसलेली होती.