दोष यकृताचा की कारखान्याचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मी अर्थशास्त्राचा माणूस; शरीरशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि रंगकामगाराच्या देहात जे घडते त्यात प्रक्रिया आहे, वाहतूक आहे, आणि खर्च दुसऱ्याच्या माथी मारणेही आहे. तेव्हा थोडे धाडस करतो.

१८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंग-कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होत असल्याचे निदर्शनास आणले. विष शिरते नाकावाटे, त्वचेवाटे. मग रोग मूत्राशयातच का?

उत्तर यकृतात आहे. बीटा-नॅफ्थिलअमाइन शरीरात येते त्या रूपात पेशीच्या डीएनएला चिकटत नाही. त्याला पाण्यात विरघळणारे रूप देऊन बाहेर काढावे, हा शरीराचा खटाटोप. यकृतातील विकरे त्याच्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडतात, वर ग्लुक्युरॉनिक आम्लाचे वेष्टण चढते, आणि हा माल रक्तातून मूत्रपिंडाकडे रवाना होतो. मूत्राशयात तो साठून राहतो. मूत्र आम्लधर्मी असले की वेष्टण गळते व आतले द्रव्य तेथील पेशींच्या डीएनएला चिकटते. विषाला धार लागते ती शरीराच्याच सफाईखात्यात!

यकृतापुढे दुसरीही वाट असते: ॲसिटिल गट जोडून विष बोथट करण्याची. ही क्रिया काहींमध्ये जलद, काहींमध्ये संथ. आणि हे जन्मजात. १९८२ साली इंग्लंडमधील हडर्सफील्डची पाहणी प्रसिद्ध झाली. मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या २३ रंगकामगारांपैकी २२ जण संथ गटातले निघाले.

येथे सावध व्हावे. सोयीचा निष्कर्ष काढायला मालकवर्गाला शिकवावे लागत नाही: भरतीच्या वेळीच तपासा, संथ यकृताचा माणूस दारातून परत पाठवा, रसायन आहे तेथेच राहू द्या. म्हणजे दोष द्रव्याचा नव्हे, कामगाराच्या जन्माचा! पण ही चाळणी विज्ञानानेच फाडली. १९९३ साली चीनमधील बेंझिडिन-कामगारांची पाहणी आली; तीत संथ गटाला अधिक धोका आढळला नाही. अभ्यासकांच्या मते बेंझिडिनच्या बाबतीत तीच ॲसिटिल-जोडणी विष घडवण्याची एक पायरी असते. कारखान्यात तर रसायने अनेक. कोणत्या यकृताला दारातून आत घेणार?

बीटा-नॅफ्थिलअमाइनने कुत्र्यांना कर्करोग होतो हे ह्यूपर यांनी १९३८ मध्ये सिद्ध केले. ब्रिटनमध्ये त्याच्या उत्पादनावर कायद्याने बंदी आली १९६७ साली. युनियनने मागायचे ते हेच: द्रव्याचे नाव, त्याला पर्याय, तो नसेल तर बंदिस्त यंत्रणा. आणि निवृत्तीनंतरही मूत्रतपासणी. कारण हा रोग दिसायला वीस-वीस वर्षे लागतात, आणि तोवर मस्टरवरचे नाव केव्हाच कमी झालेले असते.