रिकामा रकाना

(केनवडच्या व्याख्यानमालेतील भाषण)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जेसनमधली माहिती जावाच्या ऑब्जेक्टमध्ये हवी तशी उतरवणे’. काल कीर्तन झालं, उद्या हळदीवर बोलणारे येणार, अन् मधे मी. (हशा)

जेसन काय ते पुण्याहून आलेल्या पोरांना ठाऊक आहे. बाकीच्यांनी एका यंत्राची दुसऱ्याला चिठ्ठी एवढं धरून चाला. जावाच्या घरात मात्र कुठल्या खोलीत काय ठेवायचं ते आधीच ठरलेलं असतं. चिठ्ठी वाचून सामान लावून देते जॅक्सन नावाची लायब्ररी. पुढे जाऊ.

मला सांगायचंय ते हे, की रिकामं म्हणजे शून्य नव्हे.

सोयाबीनच्या नोंदींचा एक प्रोग्राम मी लिहिला होता. ओलाव्याच्या रकान्याला ‘इंट’ हा प्रकार दिला. ज्या मालाचा ओलावा मोजलाच नव्हता, त्याच्या चिठ्ठीत ते नावच नव्हतं. जॅक्सन चकार शब्द बोललं नाही. रकान्यात ० राहिला. पावसात भिजलेलं पोतं कागदावर ठणठणीत कोरडं! सरकारी खरेदीची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात ती १५ वर नेली तेव्हा किती धावपळ झाली, तुम्हाला सांगायला नको. आणि इथं माझा माल ० टक्क्यांचा.

(मागून : “मंग भाव काऊन नाही भेटला?”) दादा, त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता. तो मिळवून द्यायला आपल्याकडं लायब्ररी नाही. (हशा)

चूक सापडली ती आमच्या आबांच्या वहीमुळं. आबा चौथी शिकलेले. लाल कापडात बांधलेली लांबट वही. उसनवारी, मजुरी, कोणाची बैलजोडी किती दिवस आणली, सगळं त्यात. हिशेब चुकता झाला की शून्य काढायचे. ठरायचं बाकी असलं की आडवी रेघ. एकदा मी शहाणपणानं त्या सगळ्या रेघांची शून्यं केली. आबांनी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन घरोघर फिरले आणि एकेका माणसाला विचारून रेघा परत काढायला लावल्या. नऊ घरं. सातव्या घरी चहा मिळाला, आठव्या घरी... (संयोजकांची चिठ्ठी आली.) बरं, दहा मिनिटंच उरलीत. म्हणे साडेआठला भजन आहे.

तर उपाय. ‘इंट’ऐवजी ‘बिगडेसिमल’ घ्या, म्हणजे रकाना ‘नल’ राहू शकतो. ती आबांची रेघ. मग स्वतःचा डिसीरियलायझर, म्हणजे त्या रकान्याच्या दारावरचा पहारेकरी, लिहा आणि जेसनडिसीरियलाइझ हे ॲनोटेशन त्या रकान्यावर लावा. कोणी ‘१२ %’ लिहितं, कोणी ‘मोजला नाही’. कशाचा आकडा करायचा अन् कुठं ओरडायचं, ते तिथं तुम्ही ठरवता. देवनागरी ‘१२.५’ अवतरणात आलं तर बिगडेसिमलला वाचता येतं, ‘डबल’ मात्र अडखळतो. पण चिठ्ठीत सरळ ‘नल’ असेल तर जॅक्सन तुमच्या डिसीरियलाइझ मेथडला बोलावतच नाही, गेटनलव्हॅल्यूला विचारतं. आणि नावच आलं नाही, तर सेटरनं भरायच्या रकान्यासाठी कोणालाच विचारत नाही. पहारेकरी दारात उभा, पाहुणा गावातच आला नाही.

(समोरून प्रश्न : एवढं करण्यापेक्षा शून्य चालवून घेतलं तर?) चालवून घेणाऱ्यांनीच तर घोळ केलाय साहेब! मी चिडत नाही. माझाच आवाज मोठा आहे, माईकचा दोष नाही.

तारखांचं राहिलं. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नाही, नुसती अक्षरं. आपलं ०३/०४ अमेरिकेत ४ मार्च होतं. ७/१२ चं काय होत असेल ते पोरांनी घरी जाऊन करून पाहा.

टाळ वाजायला लागले. उद्या माल घेऊन जाल तेव्हा काटापट्टीवर ओलाव्याचा रकाना कोरा दिसला, तर तिथंच आडवी रेघ मारून घ्या, मगच सही करा.